नाण्याखालचे पाय

कॉरिनच्या दप्तराच्या तळाशी, संत्र्याच्या वाळक्या सालीखाली, तो कागद चार घड्या होऊन पडला होता. मी तो उलगडला तो नेमका उलट्या बाजूने, त्यामुळे आधी दिसलं ते चित्र. दहा सेंटचं नाणं कागदाखाली ठेवून वरून पेन्सिल घासून उमटवलेलं रूझवेल्टसाहेबांचं डोकं. गेली आठ वर्षं रोज माझ्या बोटांखालून जाणारं तेच डोकं, मान ताठ, हनुवटी किंचित पुढे. आणि नाण्याची गोल कड जिथे संपत होती तिथून खाली कॉरिनने दोन लांबलचक पाय काढले होते. पळणारे पाय. गुडघ्यात वाकलेले, आडव्या पट्ट्यांचे मोजे घातलेले, एक जमिनीवर आणि एक मागे उडालेला. मी स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसले. बाहेर अंगणात मळका बर्फ अजून ढिगाढिगाने पडून होता, तळ्याकडून वारा येत होता आणि त्या वाऱ्यात धान्याच्या गिरणीतला भाजक्या ओट्सचा वास होता. बफलोत एप्रिल असाच येतो. मग मी कागद पालटला. शाळेतून आलेलं पत्र होतं, एप्रिल १९५४ची तारीख टाकलेलं. पोलिओची नवी लस आली आहे. पहिली ते तिसरीतल्या मुलांना ती देऊन पाहायची आहे. निम्म्या मुलांना लस मिळेल, निम्म्यांना तशाच रंगाचं साधं पाणी. कुणाला काय मिळालं हे पुढलं वर्षभर कुणालाच कळणार नाही, टोचणाऱ्या डॉक्टरलाही नाही. आईवडिलांपैकी एकाने सही करून कागद शुक्रवारपर्यंत पाठवावा. आज बुधवार होता.

"हे पाय कुणी काढले?" मी विचारलं. आवाज साधा ठेवला, पण कॉरिनला माझे आवाज पाठ आहेत.

"रागावलीस? मागची बाजू कोरी होती म्हणून काढले." ती दुधाच्या ओल्या मिशा तशाच ठेवून म्हणाली. "त्याला पायच नव्हते मम्मी. एवढा मोठा प्रेसिडेंट आणि नुसतं डोकं!"

"आणि पळत कुठे चाललाय?"

"घरी. कुठे जाणार?"

मी तिचे बूट काढले, मोजे काढले आणि सवयीने टाचा पाहिल्या, बोटांच्या मधल्या जागा पाहिल्या. हे मी रोज करते. कॉलेजात इतिहास शिकले, त्याचं माझ्याकडे एवढंच उरलं आहे. तह, निवडणुका, कायदे सगळे विसरले. लक्षात राहिला तो १९२४ सालच्या उन्हाळ्यातला एक सोळा वर्षांचा मुलगा. कूलिज राष्ट्राध्यक्षांचा धाकटा. व्हाइट हाउसमधल्या कोर्टावर मोजे न घालता टेनिस खेळला, पायाच्या बोटाला फोड आला, तो चिघळला आणि आठवड्याभरात मुलगा गेला. साधा फोड. देशातले सगळे मोठे डॉक्टर उशाशी उभे होते. बाप अबोल माणूस, बोलता येईना म्हणून त्याने म्हणे बागेतून एक ससा पकडून आणला, मुलाला दाखवायला. ग्रंथालयात ती ओळ वाचली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, मूलबाळ दूरच, नॉर्बर्टला ओळखतही नव्हते. तरी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ हात वरच ठेवून बसले. नंतर कॉरिन झाली आणि तो ससा परत आला. तो माझ्या घरातच राहतो. तिला ताप आला, ती शिंकली, तिने मान वळवायला उशीर केला की मला त्याची हालचाल ऐकू येते. नॉर्बर्ट हसतो. म्हणतो, "इतर बायका मुलं वाढवायची पुस्तकं वाचतात, आमच्याकडे राष्ट्राध्यक्षांचा दवाखाना!" तो वाईट बोलत नाही. दिवसभर धान्याच्या कोठारात वजनं लिहून घेतो, त्याला घरी आल्यावर कुणीतरी हसलेलं हवं असतं.

पण त्या संध्याकाळी तो हसला नाही. कागद वाचून त्याने बशीशेजारी पालथा ठेवला, मग चित्र दिसलं म्हणून परत सुलटा केला. "नाही," तो म्हणाला. "रेडिओवर त्या माणसाने काय सांगितलं ऐकलंस ना? छोट्या छोट्या शवपेट्या तयार करून ठेवल्यात म्हणाला. गावोगाव."

"रेडिओवरच्या माणसाला रविवारी रात्री काहीतरी बोलावंच लागतं," ओमा म्हणाली. ओमा म्हणजे माझ्या सासूबाई. कॉरिनमुळे आम्ही सगळेच त्यांना ओमा म्हणतो. "बटाटे घे."

"मा, ती लस माकडांच्या मूत्रपिंडांवर वाढवतात. माझी मुलगी काय सर्कशीतलं माकड आहे?"

"तू तिच्याएवढा असताना होतास. फळीवरून खाली उतरायचा नाहीस." ओमाने त्याच्या बशीत बटाटे वाढले आणि पळी तशीच हातात धरून ती माझ्याकडे वळली. "मी दहा वर्षांची होते. बाबांनी मुद्दाम नवे बूट घातले होते मला, चावणारे."

"झालं! मॅकिन्ली सुरू झाले. मा, ही गोष्ट आम्ही पन्नासदा ऐकलीय."

"मग एक्कावन्नाव्यांदा ऐक. तुला कुठे जायचंय?"

आणि तिने ती सांगितली. १९०१ सालचं बफलोतलं प्रदर्शन. शहरभर विजेचे दिवे, इतके की रात्री पक्षी झोपेनात. राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली हस्तांदोलन करणार म्हणून लागलेली रांग, उकाडा, पुढच्या बाईच्या टोपीवरची नकली चेरी. मग फटाक्यासारखे दोन आवाज. हाताला रुमाल गुंडाळलेला एक माणूस आणि त्याच्यावर पडलेली माणसं. ओमाचा नंबर लागायला तीसेक जण राहिले होते. "हात पुसून ठेवला होता मी फ्रॉकला," ती दर वेळी म्हणते, आताही म्हणाली. पण आज ती तिथे थांबली नाही. "आणि त्याच प्रदर्शनात, दोन इमारती सोडून, ते हाडांचे फोटो काढायचं नवीन यंत्र ठेवलेलं होतं. माझ्या मोठ्या भावाने त्यात आपला पंजा घालून पाहिला होता. पण डॉक्टरांनी काय केलं? बोटं घालून गोळी शोधली. उजेड पुरेना म्हणून आरसा धरून ऊन आत पाडलं. दारात लाखभर दिवे, आणि आत आरसा! यंत्र कुणी आणलं नाही. नवं होतं. भीती वाटली. आठ दिवस सगळे सांगत होते, बरे होतायत, बरे होतायत."

"ते यंत्र आणलं असतं तरी वाचले असते कशावरून?"

"नसतेही वाचले. मी काय डॉक्टर आहे?" ओमाने पळी खाली ठेवली. "पण पाहिलं तरी असतं, नॉर्बर्ट. आत काय आहे ते पाहिलं तरी असतं."

कॉरिन काट्याने बटाट्यात घर बांधत होती. नॉर्बर्टने खुर्ची मागे सारली. "लेनोर, तू शिकलेली आहेस. तू ठरव," तो म्हणाला आणि कोट न घालताच मागच्या ओट्यावर जाऊन उभा राहिला. तो टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

मला माहीत होतं की मी अजून ठरवू शकत नाही, आणि का तेही माहीत होतं. त्या चित्रातल्या पायांमुळे. कारण त्या माणसाचे खरे पाय मी पाहिले होते. मी ते पाहिले होते आणि मी ते पाहिले नाहीत असं कबूल केलं होतं. १९३६ सालचा ऑक्टोबर, मी दहा वर्षांची. माझे वडील रेल्वेच्या यार्डात सांधे बदलायच्या कामावर होते. रूझवेल्टसाहेबांची निवडणुकीची गाडी आमच्या शहरात येणार होती. बाबांनी मला स्टेशनच्या गर्दीत न नेता यार्डात मागच्या बाजूला नेलं. "इथून तुला तो असा दिसेल, जसा लोकांना दिसत नाही," ते म्हणाले. बिचाऱ्यांना माहीत नव्हतं आपण काय म्हणतोय ते. त्यांना जवळून, एवढंच म्हणायचं होतं. गाडी थांबली. शेवटच्या डब्यातून दोन दांडगी माणसं उतरली, मग त्यांनी दोन्ही बाजूंनी एका माणसाला उचलून खाली घेतलं, आपण झोपलेल्या मुलाला गाडीतून काढतो तसं. त्याची टोपी, त्याचं हसू, ती हनुवटी, सगळं वर होतं. आणि खाली पाय लोंबत होते. दोरीवर वाळत घातलेली पँट वाऱ्यात हलते तसे, आत कुणी नसल्यासारखे. मग माझं लक्ष बाजूला गेलं. यार्डातले पंचवीस-तीस कामगार, बाबांचे सोबती, तेलाने माखलेले. सगळ्यांनी टोप्या काढल्या होत्या आणि सगळे शेडच्या भिंतीकडे तोंड करून उभे होते. कुणी सांगितलं नव्हतं. एका ओळीत तीस पाठी. बाबांनीही माझ्या डोक्यावर हात ठेवून मला भिंतीकडे वळवलं. विटांवर काळा ओघळ होता, तो अजून आठवतो. "आपण काय पाहिलं लेनोर?" त्यांनी हळूच विचारलं. मी म्हटलं, "काहीच नाही." "शाबास." त्यांच्या आवाजात इतकी माया होती की मला वाटलं मी काहीतरी फार मोठं केलं. त्या माणसाने आमच्या घरची चूल पेटती ठेवली होती, बाबांना परत कामावर घेतलं गेलं होतं. त्याला देण्यासारखं आमच्यापाशी दुसरं होतं काय? आम्ही त्याला आमच्या पाठी दिल्या.

आणि तीन वर्षांनी ऑगस्टमध्ये मी डेसला ओढ्यावर घेऊन गेले. डेस माझा धाकटा भाऊ, आठ वर्षांचा, डेझमंड. आईने बजावलं होतं, पोहायचं नाही, साथ आहे, पाण्यात उतरायचं नाही. पण उकाडा असा होता की डांबर बुटांना चिकटत होतं, आणि तो म्हणाला, "लेनी, नुसते पाय बुडवू." नुसते पाय. दोन आठवड्यांनी आमच्या दारावर आरोग्य खात्याचा कागद लागला, शेजारी रस्त्याच्या पलीकडून जाऊ लागले आणि आईने त्याची लाकडी रेल्वेगाडी मागच्या अंगणात जाळली. ओढ्यावरूनच आलं असं डॉक्टर म्हणाले नाहीत. डॉक्टर काहीच म्हणाले नाहीत. डेस वाचला. कमरेपासून टाचांपर्यंत लोखंडी पट्ट्यांचे कॅलिपर घालून तो घरी आला तेव्हा बाबांनी स्वयंपाकघरात वर्तमानपत्रातला एक मोठा फोटो लावला. व्यासपीठावर ताठ उभे राष्ट्राध्यक्ष, एका हाताने कठडा धरलेला. "त्यांनाही हेच झालं होतं," बाबा त्याला सांगायचे. "बघ. त्यांनी मनावर घेतलं. उभे राहिले, चालायला लागले." आणि डेस मनावर घ्यायचा. दाराच्या चौकटीला धरून, हनुवटी तशीच वर करून, तो उभा राहायचा. घाम त्याच्या कानामागून गळ्यात उतरायचा. पडायचा. परत. मी भांडी पुसत असायचे. मला माहीत होतं की तो फोटो खोटा आहे, की फोटोच्या आधी आणि नंतर दोन माणसं त्याला उचलतात. एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य जिभेवर यायचं, आणि बाबांचा हात डोक्यावर यायचा, आणि मी बशी परत पुसायचे. माझ्या भावाला वाटत राहिलं की त्या माणसाला जमलं ते आपल्याला जमत नाही, कारण आपण पुरेसं मनावर घेत नाही. मी त्याला आधी ओढ्यावर नेलं, आणि मग हे केलं. आता माझ्याच मुलीचा दंड पुढे करायचा की नाही हे मी ठरवायचं होतं. माझ्या हाताला काय ठरवता येतं हे मी पाहिलं होतं.

गुरुवारी दुपारी मी बसने डेसच्या दुकानात गेले. तो घड्याळं दुरुस्त करतो. आईबाबा गेल्यापासून दुकानामागच्याच खोलीत राहतो. डोळ्याला भिंग लावलेलं, पुढ्यात एका बाईच्या मनगटी घड्याळाची आतडी पसरलेली. त्याने मान वर केली नाही. "पावलं ओळखली," तो म्हणाला. "उजवी टाच जास्त झिजवतेस. काय झालं? आज कोणत्या राष्ट्राध्यक्षाला ताप आला?"

मी त्याच्यापुढे कागद ठेवला, चित्राच्या बाजूने. त्याने भिंग न काढता चित्र पाहिलं, अगदी जवळ घेऊन, आणि फिसकन हसला. "पोरगी हुशार आहे. मोजे छान घातलेत." मग पालटून वाचला. फार हळू वाचला. भिंतीवरची घड्याळं आपापल्या वेळेने टकटक करत होती, दोन सारखी नव्हती.

"डेस, मला तुला एक सांगायचंय," मी म्हटलं. आणि मी सांगितलं. यार्ड, गाडी, दोन माणसं, लोंबणारे पाय, भिंतीवरचा ओघळ. माझ्या हातमोज्याच्या शिवणीतला दोरा मी सगळा ओढून काढला होता. "तू दारात उभा राहायचास ना, तेव्हा मला माहीत होतं. मी बोलले नाही."

त्याने भिंग काढलं. भिंगाने डोळ्याभोवती लाल वर्तुळ उमटलं होतं, त्यामुळे तो एकदम लहान दिसला. "लेनी," तो म्हणाला, "मला ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"अगं, सिनेमाआधी बातम्या दाखवायचे ना, त्यात त्याची चाल पाहिली मी. दोनच सेकंद. शेजारच्याचा दंड धरून, कमरेतून पाय फेकत. ज्याच्या पायात लोखंड आहे त्याला दुसऱ्याचं लोखंड दिसतं. दहा वर्षांचा होतो मी. सिनेमागृहात माझ्याशिवाय कुणाला दिसलं नसेल." तो हातातला चिमटा उघडमीट करत होता. "आणि पुढे तर त्याने स्वतःच सांगितलं. मरायच्या आधी महिना-दीड महिना. तू कॉलेजात होतीस. काँग्रेसपुढे बसून भाषण केलं आणि रेडिओवर म्हणाला, माफ करा, बसून बोलतो, पायात दहा पौंड पोलाद वागवण्यापेक्षा बरं. सगळ्या देशासमोर म्हणाला! बाबा आणि मी ऐकत होतो. बाबा उठले आणि भट्टीत कोळसा घालायला तळघरात गेले. भट्टी भरलेली होती लेनी. मीच सकाळी त्यांना भरताना ऐकलं होतं."

"मग तू का... तो गेला त्या दिवशी तू रेडिओपुढे उभा राहिला होतास म्हणे. आईने पत्रात लिहिलं होतं. राष्ट्रगीत संपेपर्यंत."

"बाबा बघत होते ना." तो म्हणाला. "त्यांना बघायचं होतं. मी म्हटलं, बघू दे बिचाऱ्यांना."

मला रडू आलं नाही. काहीतरी विचित्र झालं, मला हसू आलं, आणि त्यालाही. आम्ही दोघं त्या चाळीस घड्याळांमध्ये बसून हसत राहिलो. इतकी वर्षं एकमेकांकडे पाठ करून उभे होतो सगळे, बाबा, मी, तो, यार्डातली माणसं. "ओढ्याचंही बोलून टाक आता," तो डोळे पुसत म्हणाला. "येतेस तेव्हा दर वेळी तोंडावर असतो तो ओढा. नुसते पाय बुडवू असं मी म्हणालो होतो, तू नाही. तुझ्या लक्षात आहे ना? माझ्या आहे." मग तो कागदाकडे पाहू लागला. मी विचारलं, "मी काय करू डेस?"

"मला विचारू नकोस. मी काय सांगणार? मी असलं काही घेतलं असतं, पाणी मिळालं असतं तरी रांगेत उभा राहिलो असतो. पण तो मी." त्याने कागदाची घडी घातली, जुन्याच रेषांवर, अगदी घड्याळजीसारखी. "एक मात्र कर. जे करशील ते बघत कर."

सही मी घरी येऊन केली, स्वयंपाकघरात, उजेड असताना. शुक्रवारी सकाळी कॉफी पिताना नॉर्बर्टने विचारलं, "केलीस?" मी हो म्हटलं. त्याने कागद ओढला, मला वाटलं आता फाडणार. त्याने खिशातून पेन्सिल काढली, तीच वजनं लिहायची जाड पेन्सिल, आणि एकाच सहीची जागा होती तरी माझ्या नावाखाली दाटीवाटीने आपलं नाव लिहिलं. "काही झालं तर एकटीचं नको," तो म्हणाला आणि डबा घेऊन निघून गेला.

महिन्याअखेरीला एका मंगळवारी दहा वाजता शाळेच्या जिममध्ये टोचायचं ठरलं. बास्केटबॉलच्या रिंगखाली टेबलं लावली होती, वॉर्निश आणि स्पिरिट यांचा मिसळलेला वास येत होता. कुपीवर फक्त आकडे होते. एक बाई मुलाचं नाव आणि आकडा वहीत उतरवत होती. डेस माझ्यासोबत आला होता. शाळेत खुर्च्या सगळ्या पोरांच्या मापाच्या. तो कुबड्या टेकून त्यातल्या एकीत बसला, तेव्हा त्याची पँट वर सरकली आणि कॅलिपरचं पोलाद नडगीपर्यंत उघडं पडलं. एरवी तो चटकन पँट ओढून घेतो. आज त्याने ती ओढली नाही. दोन आयांनी पाहिलं आणि फार सभ्यपणे नजर दुसरीकडे नेली. रांगेतल्या मुलांनी मात्र नेली नाही. कॉरिन बाही वर गुंडाळलेली, रांग सोडून पळत आली. "हा माझा डेस मामा," तिने मागच्या मुलीला सांगितलं. "हे खरं लोखंड आहे. हात लावून बघ, गार असतं." त्या मुलीने डेसकडे पाहिलं. डेस म्हणाला, "लाव की. चावत नाही." तिने एक बोट लावलं.

"चला चला, रांगेत," नर्स ओरडली. मग आमच्याकडे वळून, आवाज मऊ करून म्हणाली, "आणि आयांनो, बघवत नसेल तर खुशाल तिकडे तोंड करा. बऱ्याच जणी करतात. मुलांना कळत नाही." भिंतीशी उभ्या असलेल्या बायकांमध्ये एक हालचाल झाली. एकेक कोट वळला. निळे, तपकिरी, एक माझ्यासारखाच करडा. जिमच्या पिवळ्या विटांच्या भिंतीकडे तोंड केलेल्या आठ-दहा पाठी. मला त्यांचा राग आला नाही. त्यातली प्रत्येक पाठ मला ओळखीची होती. माझीही मान वळायला लागली होती, तिला सवय होती, आणि डोक्यावर एक जड, मायेचा हात आला होता. ससा हलला. मी मान परत आणली.

कॉरिनचा नंबर आला. डॉक्टरने कापसाने दंड पुसला. सुईच्या टोकाला एक थेंब लोंबत होता, फिकट गुलाबी, उजेडात धरलेला. ते औषध होतं की पाणी हे त्याला माहीत नव्हतं, मला नव्हतं, वर्षभर कुणाला कळणार नव्हतं. तिचा दंड किती बारीक होता. टाचा थोड्या उचलल्या गेल्या होत्या, पट्ट्यापट्ट्यांचे मोजे घोट्याशी गोळा झाले होते. सुई आत गेली तेव्हा तिने सुईकडे पाहिलं नाही. तिने ओठ घट्ट मिटले आणि रांगेवरून, टेबलावरून, त्या सगळ्या कोटांवरून शोधत माझ्याकडे पाहिलं, मी बघतेय की नाही ते बघायला.

मी बघत होते.